स्पॅनिश वाचताना ओळीओळीला अडखळते. आपल्या पातळीच्या गोष्टी कशा ओळखाव्यात?

मृगबहार (तालुका वरुड)

नमस्कार. गेले अकरा महिने मी घरीच स्पॅनिश शिकते आहे. आमची संत्र्याची साडेतीनशे झाडे आहेत आणि या भाषेकडे मी वळले ती त्या झाडांपायीच. ताजी संत्री, मोसंबी आणि लिंबे परदेशी धाडण्यात स्पेन जगात आघाडीवर आहे. व्हॅलेन्सियाकडचे बागायतदार खुंट, छाटणी आणि ओलित यांविषयी जे लिहितात-बोलतात ते मधल्या कोणाच्या भाषांतराशिवाय कळावे, एवढीच सुरुवातीला इच्छा होती. त्यातच 'त्रिस्तेसा' हा शब्द भेटला. संत्र्याच्या झाडांना होणाऱ्या या विषाणूजन्य रोगाचे नाव आपल्याकडच्या माहितीपत्रकांतही तसेच छापलेले असते. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ 'उदासी' असा होतो हे कळले तेव्हा मान टाकलेली झाडेच डोळ्यांसमोर आली आणि त्या दिवसापासून शब्दांचा नाद लागला.

अडचण वाचनाची आहे. मोबाइलमधल्या ॲपवर मी रोज अर्धा तास काढते आणि त्याच्या हिशेबाने मी सहांपैकी दुसऱ्या, म्हणजे ए-२ पातळीच्या शेवटाला आले आहे. म्हणून गेल्या महिन्यात हिंमत करून एक कादंबरी उघडली. पहिल्या दीड पानाला पाऊण तास लागला आणि वहीत त्रेसष्ट शब्द उतरले. शेजारी वाती वळत बसलेल्या नणंदेने विचारले, "काय आहे गोष्टीत?" तेव्हा मला इतकेच सांगता आले की कोणीतरी जिन्यावरून खाली उतरत आहे. तो पुरुष आहे की बाई, हेही खात्रीने सांगता येईना, कारण स्पॅनिशमध्ये ते क्रियापदावरून कळत नाही आणि कर्ता तर बऱ्याचदा वाक्यात घालतच नाहीत.

मग वाटले, लहान मुलांची पुस्तके सोपी पडतील. तिथे वेगळीच गत झाली. चार वर्षांच्या मुलासाठीच्या चित्रपुस्तकात साळिंदर, गोगलगाय, टुणकन उडी मारणे आणि चिखलात लोळणे असले शब्द पानापानावर होते. चित्र पाहून अर्थ लागत होता, पण भाषा पुढे सरकल्यासारखी वाटत नव्हती.

शिकणाऱ्याच्या पातळीप्रमाणे मुद्दाम लिहिलेल्या गोष्टी असतात असे अलीकडे समजले. त्या ज्यांनी वाचल्या आहेत त्यांना विचारते: ॲपच्या शब्दावर विश्वास ठेवावा की नाही, आणि नसेल तर वाचनातली आपली पातळी कशी ओळखावी? वाचताना शब्दकोश उघडा ठेवावा की मिटलेला? आणि आमच्या गावात संध्याकाळी नेट अक्षरशः रांगते, तेव्हा कागदावर उतरवून घेता येईल असे काही आहे का?

पांदणवाट (आर्वी)

ताई, आपला प्रश्न वाचून मला माझे पहिले वर्ष आठवले. मी शाळेत एकोणतीस वर्षे इंग्रजी शिकवले आणि निवृत्तीनंतर स्पॅनिश हाती घेतले, त्यामुळे उत्तरात मास्तरकीचा सूर आला तर चालवून घ्यावा.

प्रथम आपलेच आकडे पाहू. कादंबरीचे दीड पान म्हणजे साधारण साडेचारशे शब्द धरले, तर त्रेसष्ट अनोळखी शब्द म्हणजे शंभरामागे चौदा झाले. इतक्या खडकाळ वाटेवर कोणाचीही बंडी चालणार नाही. त्यात आपल्या बुद्धीचा काही दोष नाही. शब्दसंग्रहावर आयुष्यभर काम केलेले न्यूझीलंडचे भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन यांनी एका सहकारी संशोधकासह केलेला अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. कोणाच्या मदतीवाचून गोष्ट नीट समजायची तर शंभरातले सुमारे अठ्ठ्याण्णव शब्द आधीच ओळखीचे असावे लागतात, असे त्यातून दिसले. पंचाण्णव म्हटले तरी कानाला पुष्कळ वाटतात, पण त्याचा अर्थ दर वीस शब्दांमागे एक खड्डा, म्हणजे प्रत्येक दुसऱ्या ओळीत ठेच. अठ्ठ्याण्णवला हा खड्डा पन्नास शब्दांनंतर येतो, आणि आजूबाजूची वाक्ये धडधाकट असल्यामुळे तो अंदाजाने ओलांडता येतो.

म्हणून पातळी ओळखण्याचा माझा मार्ग पेन्सिलीचा आहे. पुस्तक मधूनच उघडावे, कारण पहिले पान लेखकाने बहुधा जपून लिहिलेले असते. तिथून शंभर शब्द मोजावेत आणि न कळलेल्या शब्दाखाली टिंब द्यावे. दोन टिंबे पडली तर पुस्तक आपले आहे. चार-पाच पडली तर चित्रांच्या आणि शब्दार्थांच्या आधाराने ते निभावेल. सहाच्या पुढे गेल्यास पुस्तक आदराने कपाटात ठेवावे आणि सहा महिन्यांनी पुन्हा मोजावे. ॲपची पातळी आणि वाचनाची पातळी एक नसते, याचे कारणही साधे आहे. ॲप चार पर्यायांतून एक ओळखायला लावते, म्हणजे उत्तर समोरच असते. वाचनात तोच शब्द इतर पन्नास शब्दांच्या घोळक्यातून चालत येतो आणि तिथे थांबून ओळख पटवायला कोणी वेळ देत नाही. ए-१ पासून सी-२ पर्यंतच्या सहा पातळ्यांची ही चौकट युरोप परिषदेने २००१ साली प्रसिद्ध केली, आणि तिच्यात ऐकणे, वाचणे, बोलणे, लिहिणे यांची वर्णने मुळातच निरनिराळी दिली आहेत. माणूस बोलण्यात एका पायरीवर आणि वाचनात दुसऱ्या पायरीवर असू शकतो. माझा सल्ला असा की आपण ए-१ ची पुस्तके घ्यावीत. आपल्याला ती पोरकट वाटतील, वाटू द्यावीत.

मुलांच्या पुस्तकांबद्दल आपल्याला जे जाणवले ते अगदी बरोबर आहे. चार वर्षांच्या स्पॅनिश मुलाच्या कानावर लाखो वाक्ये पडलेली असतात. त्याला चारही तऱ्हेचे भूतकाळ ऐकून ठाऊक असतात, फक्त जगाची ओळख कमी असते. आपले नेमके उलटे आहे. म्हणून मोठ्या माणसाचा विषय आणि मोजकी भाषा, अशी सांगड घालणारी पुस्तके वेगळी लिहावी लागतात. पहिल्या टप्प्याच्या पुस्तकात लेखक चार-पाचशे शब्दांच्या कुंपणात राहतो आणि नवा शब्द आणलाच तर तो पुढच्या पानांवर पुन्हा पुन्हा येईल याची काळजी घेतो.

ही कल्पना पुष्कळांना साहेबाच्या देशातून आलेली वाटते, पण तिचे एक मोठे मूळ आपल्याच उपखंडात आहे. मायकेल वेस्ट नावाचे इंग्रज शिक्षणाधिकारी ढाक्याला शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे काम करीत होते. बंगाली मुले वर्षानुवर्षे इंग्रजी शिकून मध्येच शाळा सोडतात आणि हाती काहीच राहत नाही, हे त्यांनी पाहिले. मुलाने शाळा कधीही सोडली तरी त्याला निदान वाचता यावे, म्हणून मोजक्या शब्दांत गोष्टी लिहून त्यांनी वाचनमाला तयार केली. त्यांचे बंगालविषयीचे संशोधन १९२६ साली प्रसिद्ध झाले, आणि सुमारे दोन हजार अत्यावश्यक इंग्रजी शब्दांची त्यांची यादी १९५३ साली आली. आज स्पॅनिशसाठी जी पातळीवार पुस्तके निघतात, त्यांच्या मागे ही परंपरा आहे.

सांबारवडी (पुसद)

गुरुजींनी मोजमाप सांगितले, त्यात मला भर घालायची नाही. मी स्पॅनिश विद्यापीठात शिकले आणि आता घरून भाषांतराची कामे करते. मला वेगळीच गोष्ट सांगायची आहे: मृगबहारताई, आपण कोणत्या भाषेतून स्पॅनिश वाचता आहात? ॲप इंग्रजीतून असेल, शब्दकोश इंग्रजी असेल, वहीतले अर्थही इंग्रजीत असतील, तर आपण नदी ओलांडायला दूरचा पूल धरला आहे. सोपी गोष्ट वाचताना मनातल्या मनात मराठी चालू ठेवली तर ज्या जागा इंग्रजीतून शिकणाऱ्याला वर्षभर छळतात, त्या आपल्याला घरच्यासारख्या वाटतात.

'मे गुस्ता ला नारान्खा' हे पहिल्याच पुस्तकात येणारे वाक्य घ्या. इंग्रजीवाल्याला तिथे 'मी' कुठे गेला असा प्रश्न पडतो. आपण म्हणतो 'मला संत्रे आवडते'. संत्री अनेक झाली की 'मे गुस्तान लास नारान्खास', म्हणजे 'मला संत्री आवडतात'. क्रियापद आवडणाऱ्या वस्तूप्रमाणे चालते, आवडून घेणाऱ्या माणसाप्रमाणे चालत नाही. हे आपण आईच्या मांडीवर शिकलो आहोत. तसेच 'बुस्को मी लिब्रो' म्हणजे 'माझे पुस्तक शोधतो', पण 'बुस्को आ मी एर्मानो' म्हणजे 'माझ्या भावाला शोधतो'. माणूस आला की स्पॅनिशमध्ये 'आ' लागतो आणि मराठीत 'ला' लागतो. आमच्या वर्गात या 'आ'वर दोन तास शिकवले गेले, आणि मी मात्र मागच्या बाकावर बसून 'हा तर आपला ला आहे' असे वहीच्या कडेला लिहून मोकळी झाले.

भूतकाळाची तीच कथा. 'आयेर फुई आल रियो' हे 'काल नदीवर गेले', आणि 'दे निन्या ईबा आल रियो' हे 'लहानपणी नदीवर जायचे'. 'गेले' आणि 'जायचे' यांतला फरक आपल्याला कोणी समजावून सांगावा लागत नाही. सोप्या गोष्टींत या दोन्ही काळांची वीण फार स्पष्ट असते: रोजचे, नेहमीचे वर्णन 'ईबा'च्या वळणाने जाते आणि एके दिवशी काहीतरी घडते ते 'फुई'च्या वळणाने. गोष्ट जिथे खरी सुरू होते तिथे क्रियापदाचे रूप पालटते. 'से कोमियो ला नारान्खा' या वाक्यातला 'से' कशासाठी, असे कोणी विचारले तर मी सांगते की 'कोमियो' म्हणजे 'खाल्ले' आणि 'से कोमियो' म्हणजे जवळजवळ 'खाऊन टाकले'. आणि माझे सर्वांत आवडते: 'से मे कायो एल बाल्दे'. शब्दशः पाहायला गेले तर गुंता होतो, पण मराठीत ते 'माझ्या हातून बादली पडली' इतके सरळ आहे. मी पाडली नाही, माझ्या हातून पडली. तो 'बाल्दे'ही ओळखीचा आहे; आपली बादली पोर्तुगीज 'बाल्दे'वरून आली आणि स्पॅनिशमध्येही तोच शब्द आहे. 'पागार' म्हणजे पैसे देणे, 'आर्मारियो' म्हणजे अलमारी. 'नारान्खा' तर आपल्याच 'नारंग'चे रूप आहे. संस्कृतातून फारसीत, तिथून अरबीत आणि अरबांबरोबर स्पेनमध्ये असा त्याचा प्रवास झाला.

मराठी सगळीकडे मात्र पुरत नाही. स्पॅनिशमध्ये 'आहे' साठी 'सेर' आणि 'एस्तार' अशी दोन क्रियापदे आहेत आणि तिथे आपली एकटी 'आहे' तोकडी पडते. 'एस बेर्दे' म्हटले तर फळाचा रंग हिरवा, आणि 'एस्ता बेर्दे' म्हटले तर ते अजून कच्चे आहे. बागायतदाराला हा फरक कळलाच पाहिजे. शिवाय आपल्या नपुंसकलिंगाला तिकडे थारा नाही.

शब्दकोशाबद्दल माझा नियम असा आहे की पान संपेपर्यंत तो मिटलेला ठेवावा. एखादा शब्द तिसऱ्यांदा आडवा आला आणि तरीही गोष्ट अडून राहिली, तरच तो पाहावा, आणि अर्थ मराठीत लिहावा. दुसरे म्हणजे, पुस्तक कोणत्या देशाचे आहे ते आधी पाहावे. स्पेनमध्ये संत्र्याच्या रसाला 'सुमो' म्हणतात (तिकडचा उच्चार 'थुमो'), मेक्सिकोत 'खुगो'. बटाटा स्पेनमध्ये 'पाताता' आणि लॅटिन अमेरिकेत 'पापा'. पोर्तो रिकोत तर संत्र्यालाच 'चिना' म्हणतात. हे वाचून घाबरण्याचे कारण नाही. आपण कोथिंबिरीला 'सांबार' म्हणतो म्हणून पुण्याचा माणूस जेवायचा थांबत नाही, फक्त पहिल्या खेपेला ताटात इडली शोधतो.

काळी_कसदार (दारव्हा)

वरच्या दोघांचाही मान राखून थोडा विरोध नोंदवतो. मी दीड वर्ष केवळ अशा सोप्या गोष्टी वाचल्या. चाळीसेक पुस्तिका झाल्या असतील. वाचन खरोखरच सुधारले आणि त्या भरात मी स्पेनच्या सेर्वांतेस संस्थेची 'देले' ही परीक्षा बी-१ पातळीवर दिली. तिथे वाचन आणि लेखन यांचा एक गट असतो आणि ऐकणे व बोलणे यांचा दुसरा. प्रत्येक गट पन्नास गुणांचा आणि दोन्हींत स्वतंत्रपणे किमान तीस गुण लागतात. पहिला गट मी निभावून नेला. दुसऱ्या गटात तोंडी परीक्षेला बसलो तेव्हा शब्द सगळे डोळ्यांना ओळखीचे होते, पण जिभेवर एकही येईना. समोरच्या बाईंनी प्रश्न दोनदा विचारला, मी दोनदा 'सी', म्हणजे 'हो', म्हणालो, आणि प्रश्न 'तुम्ही प्रवास कसा केला' असा होता.

दुसरी तक्रार या गोष्टींच्या सपकपणाची आहे. पर्यटक शहरात येतो, त्याची पिशवी हरवते, पोलीस भला माणूस निघतो, पिशवी सापडते. अशा पंधरा पिशव्या सापडल्यावर मला पुस्तक उघडण्याचाच कंटाळा येऊ लागला. शब्दांचे कुंपण घातले म्हणजे गोष्ट मिळमिळीत झालीच पाहिजे असे नाही, पण पुष्कळ लेखक तिथेच हात टेकतात. मीठ नसलेल्या वरणासारखे ते किती दिवस खावे?

क्रियापदांची रूपे मी शेवटी पाठच केली, जुन्या पद्धतीने, भिंतीवर तक्ता चिकटवून. त्यानंतर तीच पुस्तके पुन्हा वाचली तेव्हा जे नुसते डोळ्यांखालून गेले होते ते दिसू लागले. म्हणून वाचन करावेच, पण त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहू नये.

पांदणवाट (आर्वी)

काळी_कसदार भाऊंचा अनुभव मी खोडून काढणार नाही. दीड वर्ष ओठ न हलवता वाचले तर तोंडी परीक्षेत तसेच होणार. माझा उपाय मोठ्याने वाचण्याचा आहे, आणि मराठी माणसाला तो सोपा जातो. स्पॅनिशचे स्वर पाचच, आणि लिहिले तसे बहुतेक वाचायचे. त्यांचे 'त' आणि 'द' आपल्यासारखे दातांवरचे आहेत. इंग्रजीच्या सवयीने 'तोमाते'चा 'टोमाटे' केला नाही म्हणजे झाले. 'नारान्खा'मधला 'ख' मात्र देवनागरीत नीट बसत नाही, तो घशातून घासून काढावा लागतो. तेवढ्यासाठी ध्वनिमुद्रण असलेली पुस्तके निवडावीत आणि आधी ऐकून मग वाचावे. सपकपणाबद्दलही ते बरोबर आहेत. कंटाळा आला की पुस्तक अर्ध्यातच सोडावे. शाळेसारखी धडा पुरा करण्याची सक्ती इथे नाही.

ताईंच्या तिसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण नेटची रड माझ्याकडेही आहे. प्रथम बुक्स या संस्थेचे स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ २०१५ पासून चालू आहे. तिथल्या गोष्टी मुक्त परवान्याच्या असल्यामुळे उतरवून घेऊन छापता येतात, आणि त्यांना पहिली ते चौथी अशा पातळ्या दिलेल्या असतात. त्या पातळ्या मुलांच्या वाचनासाठी ठरवलेल्या आहेत, म्हणून आपली पेन्सिल सोडू नये. पण तिथे एक मोठी सोय अशी आहे की कित्येक गोष्टी स्पॅनिश आणि मराठी दोन्ही भाषांत मिळतात. मी आधी मराठी वाचतो, एक दिवस मध्ये जाऊ देतो आणि मग स्पॅनिश वाचतो. भाषांतरे अनेक हातांची असल्यामुळे सगळी सारख्या तोलाची नाहीत, एवढे लक्षात असावे. माहितीपर वाचनासाठी विकिडिया हा मुलांचा मुक्त ज्ञानकोश स्पॅनिशमध्येही आहे. संत्रे, कापूस, पाऊस अशा विषयांवरचे छोटे लेख आपल्या कामाचे ठरतील, कारण विषय आपल्याला आधीच ठाऊक आहे आणि ओळखीचा विषय निम्मे काम करतो.

प्रोजेक्ट गटेनबर्ग या जुन्या पुस्तकांच्या मोफत संकेतस्थळावर शंभर वर्षांपूर्वीची अमेरिकी शाळांसाठी काढलेली स्पॅनिश वाचनपुस्तकेही आहेत. त्यांच्या शेवटी त्या त्या पुस्तकाचा संपूर्ण शब्दार्थ दिलेला असतो, त्यामुळे वेगळा शब्दकोश लागत नाही. भाषा थोडी जुनाट आहे आणि उपदेश सढळ आहे. शब्दकोश जुना घेणार असाल तर मात्र एक सावधगिरी बाळगावी. मी नागपूरला रद्दीच्या दुकानातून एक जाडजूड कोश आणला आणि 'चिको' हा साधा शब्द त्यात नाहीच म्हणून चिडलो. नंतर कळले की पूर्वी 'च' साठी लिहिली जाणारी 'सी-एच' ही जोडी स्वतंत्र अक्षर मानत आणि तिचा विभाग 'सी'चे सगळे शब्द संपल्यावर वेगळा येई. स्पॅनिश भाषेच्या अकादमींनी हा क्रम १९९४ साली बदलला, माझा कोश त्याच्या आधीचा होता.

मृगबहार (तालुका वरुड)

तुम्हा सर्वांचे आभार मानते. उत्तर द्यायला पाच आठवडे लागले, कारण मध्ये मृगाच्या बहाराची कामे होती.

कादंबरीवर पेन्सिल चालवली तेव्हा शंभरात सतरा टिंबे पडली, म्हणजे गुरुजींचा अंदाज सौम्यच होता. ए-२ चे एक पुस्तक मोजले, त्यात सात निघाली. मग मान खाली घालून ए-१ च्या चार पुस्तिका आणि मराठी जोडीच्या पाच गोष्टी वरुडला झेरॉक्सच्या दुकानात छापून घेतल्या. दुकानदाराने कागद उलटसुलट करून पाहिले आणि हे कोणत्या परीक्षेचे फॉर्म आहेत असे विचारले.

वाचायला वेळ कुठून काढावा हा प्रश्न वीज मंडळाच्या वेळापत्रकाने सोडवला. या महिन्यात आमच्या कृषिपंपाला रात्रीची वीज आहे. मोटर सुरू केली की एका ओळीतल्या झाडांची आळी भरेपर्यंत विहिरीजवळ बसून राहावे लागते, म्हणून डोक्याला बॅटरी बांधून मी तिथेच मोठ्याने वाचते. ऐकायला कुत्र्याशिवाय कोणी नसते, त्यामुळे घशातला 'ख' काढायला लाज वाटत नाही. कागदांच्या कडा ओल्या हातांनी फुगल्या आहेत.

तिसऱ्या पुस्तिकेत 'पोसो' हा शब्द पहिल्या पानावर आला आणि मला तो ठाऊक नव्हता. सांबारवडीताईंच्या सांगण्याप्रमाणे कोश मिटलेला ठेवला. पुढच्या पानावर म्हातारी 'पोसो'जवळ जाते, त्याच्या पुढच्या पानावर 'पोसो'त वाकून पाहते, आणि मग एकदम ती म्हणते, "से मे कायो एल बाल्दे!" मी ज्या जागी बसले होते तिथून हातभर अंतरावर आमचीच विहीर होती. तो शब्द मी वहीत उतरवलाच नाही, तरी तो आता जाणार नाही.

काळी_कसदार भाऊंचे ऐकून क्रियापदांचा तक्ताही स्वयंपाकघरात फळीखाली चिकटवला आहे. फोडणीच्या वाफेने त्याचा एक कोपरा सुटला, पण 'ईबा'ची ओळ अजून वाचता येते.

परवा दुपारी नणंदेने पुन्हा विचारले की काय वाचते आहेस. या वेळी मी तिला सगळी गोष्ट सांगितली: म्हातारी कशी एकटी राहायची, रोज पहाटे पाण्याला कशी जायची, त्या दिवशी दोर कसा तुटला आणि शेजारचा आडमुठा म्हातारा काय बोलला. तिने वाती बाजूला ठेवल्या आणि विचारले, "मग बादली निघाली का?" ते मला सांगता आले नाही. शेवटची चार पाने राहिली होती तेव्हाच वीज गेली होती.